संध्याकाळी सातनंतर काय?

समजा, तुमच्या घरातला एक जण आजच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. भाऊ असेल, मुलगा असेल, नवरा असेल. अंगावर थोडं मांस चढलंय, डोळे स्वच्छ दिसतायत, चहाचा कप धरताना हात थरथरत नाही. आईनं आवडीचं जेवण केलंय. पहिले दोन दिवस पाहुणचारात जातात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला तो चपला घालतो आणि म्हणतो, "जरा चक्कर मारून येतो." घरात सगळे गप्प होतात. जाऊ नकोस म्हणावं तर विश्वास नाही असं होतं, जा म्हणावं तर जीव टांगणीला.

अशा वेळी आपल्या मनात एकच प्रश्न येतो, याचा निश्चय टिकेल का? व्यसनावर संशोधन करणाऱ्यांना मात्र गेल्या पन्नास वर्षांत दुसरा एक प्रश्न जास्त कामाचा वाटू लागलाय. तो चक्कर मारायला जाणार आहे ते कुणाकडे? बाहेर पडल्यावर त्याला भेटणार कोण?

आजारातून बरं होताना आजूबाजूच्या माणसांचा नेमका वाटा किती, हा माझ्या पीएचडीच्या विषयाचा एक भाग आहे. त्यामुळे या प्रश्नावरचे बरेच पेपर वाचावे लागतात. 'समाजाचा आधार हवा' हे वाक्य आपण भाषणांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थच गुळगुळीत झालाय. आधार म्हणजे नक्की काय? सहानुभूती? पैसा? पहारा? या लेखात मी त्याचाच माग काढणार आहे.

सुरुवात करायची तर व्हिएतनामपासून करावी लागेल.

१९७१ साली अमेरिकी सरकार एका बातमीनं हादरलं होतं. व्हिएतनाममध्ये लढणारे त्यांचे तरुण सैनिक मोठ्या संख्येनं हेरॉइनच्या आहारी गेले होते. तिथं हेरॉइन स्वस्त होतं, शुद्ध होतं आणि कुठंही मिळायचं. हे हजारो जण मायदेशी परतल्यावर काय होईल, ही भीती होती. कारण त्या काळी हेरॉइनवरचे उपचार घेऊन बाहेर पडलेले बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच परत नशेकडे वळत. ली रॉबिन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंकडे या सैनिकांच्या अभ्यासाचं काम आलं. त्यांनी परतलेल्या सुमारे ९०० जणांना गाठून मुलाखती घेतल्या, सोबत लघवीच्या तपासण्या केल्या. जवळजवळ निम्म्यांनी व्हिएतनाममध्ये अफू किंवा हेरॉइन घेऊन पाहिलेलं होतं. दर पाचातला एक जण तिथं व्यसनी झालेला होता. आणि या व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात परत व्यसनात अडकले फक्त ५ टक्के. तीन वर्षांनंतर पाहिलं तरी आकडा १२ टक्क्यांवरच होता.

हे कुणालाच खरं वाटेना. रॉबिन्सबाईंना पुढे अनेक वर्षं या आकड्यांची बाजू मांडत बसावं लागलं. गंमत अशी की व्यसनी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी परत आल्यावर अधूनमधून नशा करून पाहिलीच होती, तरी बहुतेक जण पुन्हा त्या गर्तेत गेले नाहीत. आणि यातल्या फार थोड्यांनी उपचार घेतले होते.

याचं एक सोपं स्पष्टीकरण आपल्याला लगेच सुचतं. युद्ध संपलं, ताण संपला, नशा संपली. ते काही अंशी खरं आहेच. पण दुसरीही एक गोष्ट आहे. ज्या जागी, ज्या माणसांबरोबर, दिवसाच्या ज्या वेळी नशा व्हायची, ते सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं. मेंदू नशेची आठवण सुटी साठवत नाही. तो ती जागेसकट, वासासकट, मित्राच्या आवाजासकट साठवतो. ती जागा दिसली की तलफ जागी होते, मग मधे सहा महिने गेलेले असोत की दोन वर्षं. सैनिकांच्या घरासमोर मात्र व्हिएतनाम नव्हतं. तिथं आई होती, नोकरी होती, नशा न करणारे जुने शाळासोबती होते.

आता हीच गोष्ट आपल्याकडच्या मुलाला लावून बघा, सगळं उलटं होतं. तो नशेला लागला तो त्याच्याच गल्लीत. त्याचं व्हिएतनाम म्हणजे त्याच्याच चौकातली टपरी. नशा सुटते ती लांबच्या केंद्रात, चार भिंतींच्या आत, अनोळखी माणसांत. आणि मग आपण त्याला उचलून परत त्याच चौकात आणून सोडतो आणि म्हणतो, आता निश्चय दाखव. हे माझं स्वतःचं वाचन आहे, रॉबिन्सबाईंनी असं लिहिलेलं नाही. पण त्यांचे आकडे वाचल्यापासून 'बाहेर आला आणि परत सुरू केलं, त्याची लायकीच तेवढी' हे वाक्य मला ऐकवत नाही. व्यसन परत उलटण्याचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के मानलं जातं. ब्लडप्रेशर किंवा दम्याचे रुग्णही जवळपास तेवढ्याच प्रमाणात पुन्हा बिघडून दवाखान्यात येतात. त्यांना आपण लायकी काढून बोलत नाही.

जागेबद्दल एवढं पुरे. आता माणसांकडे येऊ, पण आधी दोन मिनिटं उंदरांकडे.

उंदीर हवं तेव्हा नळी दाबून नशा करतो आणि करत करत मरतो, अशा प्रयोगांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्यातला एक लपलेला मुद्दा असा, की तो उंदीर पिंजऱ्यात एकटा असायचा. मार्को व्हेनिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली हे बदलून पाहिलं. उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या. एक दाबली की मेथॲम्फेटामिन किंवा हेरॉइन मिळणार, दुसरी दाबली की दार उघडून शेजारचा उंदीर भेटणार. नशेची चटक लागलेल्या उंदरांनीही जवळजवळ दर वेळी शेजाऱ्याचं दार उघडलं. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेजाऱ्याचं दार उशिरा उघडू लागलं, किंवा दार उघडताना पायाला झटका बसू लागला, की उंदीर परत नशेकडे वळायचे. माणूस उंदीर नव्हे, हे मान्य. तरीही सोबत 'रविवारी बघू' या भावानं मिळत असेल आणि मिळताना दर वेळी टोमण्याचा झटका बसत असेल, तर ती सोबत नशेपुढे हरते, एवढं यातून घ्यायला हरकत नसावी. नशा कधीच उशीर करत नाही आणि टोमणेही मारत नाही.

एक माणूस

माणसांवरचं बरंचसं चांगलं संशोधन दारूवर झालंय, कारण दारूचे रुग्ण जास्त आहेत आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए', ही चळवळ १९३५ पासून चालत आलीये. अमली पदार्थांसाठीची तशीच चळवळ, नार्कोटिक्स ॲनॉनिमस, १९५३ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्यावरचा अभ्यास तुलनेनं कमी आहे. त्यामुळे पुढचे काही आकडे दारूचे आहेत हे लक्षात ठेवून वाचा.

एएची बैठक ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं बसतात. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, आपली गोष्ट सांगतो. बाकीचे ऐकतात. फी नाही, डॉक्टर नाही, सल्ला नाही. शेवटी चहा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, यानं काय होणार? अनेक मानसोपचारतज्ज्ञांनाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. २०२० साली 'कॉक्रेन' या नावाजलेल्या संस्थेनं या विषयावरचे २७ अभ्यास आणि त्यातले दहा हजारांहून जास्त सहभागी एकत्र करून पाहिले. वर्षभरानंतर पूर्णपणे कोरडे राहिलेले लोक एएच्या वाटेनं गेलेल्यांत ४२ टक्के होते, तर मानसोपचारासारखे इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. फरक चमत्काराएवढा नाही. पण बिनपैशाचा हॉल आणि चहा प्रशिक्षित उपचारांच्या बरोबरीनं उभा राहतो, किंचित पुढेही जातो, ही साधी गोष्ट नव्हे.

मग संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: होतं ते नेमकं कशामुळे? तिथली प्रार्थना? बारा पायऱ्या? हार्वर्डचे जॉन केली यांनी हजारो रुग्णांची माहिती तपासून दाखवलं की सगळ्यात मोठा वाटा होता ओळखीपाळखी बदलण्याचा. बैठकीला जाणाऱ्याच्या आयुष्यातून पिणारे मित्र हळूहळू कमी होतात आणि न पिणारे वाढतात. त्याबरोबर 'लग्नाच्या वरातीत असलो तरी मी न पिता राहू शकतो' हा विश्वास वाढतो. अध्यात्माचाही हात आहे, पण तो जास्त करून फार गंभीर अवस्थेतल्या रुग्णांमध्ये दिसतो.

मार्क लिट यांचा २००९ सालचा अभ्यास तर मी प्रत्येकाला सांगत सुटते. दारूच्या आहारी गेलेले २१० जण. त्यातल्या काहींना असे उपचार दिले की ज्यात भर फक्त एकाच गोष्टीवर होता, तुमच्या ओळखीच्या वर्तुळात न पिणारी माणसं आणा. दोन वर्षं पाठपुरावा केला. त्यातून असं दिसलं की वर्तुळात न पिणाऱ्या एका माणसाची भर पडली, तर पुढच्या वर्षी कोरडं राहण्याची शक्यता २७ टक्क्यांनी वाढते.

एक माणूस. अख्खा समाज बदलायची गरज नाही, गाव दारूमुक्त व्हायची वाट बघायला नको. रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळायला हाक मारणारा शेजारी, दुकानात बसायला बोलावणारा मामेभाऊ, आणि बहुधा सगळ्यात उत्तम म्हणजे स्वतः दोन वर्षांपूर्वी नशा सोडलेला कुणीतरी.

इथं थोडं थांबून शंका काढायला हवी. निश्चय पक्का असलेल्या माणसाला न पिणारे मित्र आपोआप मिळत असतील तर? म्हणजे मित्रांमुळे निश्चय की निश्चयामुळे मित्र? हा प्रश्न सोडवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. कुणाला सोबत मिळेल आणि कुणाला नाही, हे नशिबावर सोपवायचं आणि मग दोन्ही गटांची तुलना करायची.

तसा एक प्रयोग झालाय.

ऑक्सफर्ड हाउस

१९७५ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एक सरकारी पुनर्वसन घर पैशाअभावी बंद पडणार होतं. तिथं राहणाऱ्या माणसांनी ठरवलं, आपणच भाडं भरू आणि घर चालवू. त्यातून 'ऑक्सफर्ड हाउस' ही पद्धत जन्माला आली. आज अशी हजारो घरं आहेत. कल्पना इतकी साधी आहे की ती सांगताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. साध्या वस्तीतलं साधं घर. सात-आठ-दहा माणसं, सगळी नशेतून बाहेर येऊ पाहणारी. ना वॉर्डन, ना समुपदेशक, ना डॉक्टर. प्रत्येकानं भाड्याचा वाटा द्यायचा. घराचा अध्यक्ष, खजिनदार, कामं वाटून देणारा, सगळे मतदानानं निवडायचे आणि एकाच पदावर सहा महिन्यांपेक्षा जास्त कुणी बसायचं नाही. आठवड्याला बैठक. नवा माणूस घ्यायचा तर त्यावरही मतदान. किती दिवस राहायचं याला मर्यादा नाही. नियम असा, की नशा केली तर घर सोडायचं.

शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या लेनर्ड जेसन यांनी उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. ७५ जणांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये जागा मिळवून दिली, ७५ जण नेहमीप्रमाणे आपापल्या वाटेनं गेले, म्हणजे घरी, नातेवाइकांकडे, बाह्यरुग्ण विभागात. दोन वर्षांनी काय दिसलं? नेहमीच्या वाटेनं गेलेल्यांत नशा किंवा दारू घेणारे सुमारे ६५ टक्के होते, ऑक्सफर्ड हाउसवाल्यांत सुमारे ३१ टक्के. निम्म्याहून कमी. महिन्याची सरासरी कमाई पहिल्या गटाची ४४० डॉलर, दुसऱ्याची ९८९. तुरुंगात असणारे पहिल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात ३. घरात सहा महिने किंवा जास्त राहिलेल्यांचे निकाल आणखी चांगले होते.

मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा उपचाराची ओळ शोधत होते. म्हणजे यांना तिथं दिलं काय? औषध नाही, थेरपी नाही. जे मिळालं ते असं: रात्री घरी यायची वेळ पाळणारं कुणीतरी, भांडी घासायची पाळी, आणि खजिनदार म्हणून सगळ्यांच्या भाड्याचे पैसे हातात. ज्याच्या हातात काल घरच्यांनी दहा रुपयेही दिले नसते, त्याच्यावर आज नऊ माणसांचं छप्पर अवलंबून आहे. आपल्या घरांमध्ये आपण याच्या नेमकं उलट वागतो. प्रेमापोटीच, पण उलट. 'तू काही करू नकोस, फक्त बरा हो.' पाकीट लपवतो, किल्ल्या लपवतो, दळण आणायलाही पाठवत नाही. पहिल्या आठवड्यात ते समजण्यासारखं आहे. सहाव्या महिन्यातही तेच चालू असेल, तर त्या माणसाच्या दिवसात नशेची जागा भरायला काय उरतं?

पुण्याच्या मुक्तांगणला ही गोष्ट फार आधी उमगली होती. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पसरलं तेव्हा अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांबद्दल लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं येरवड्यात मुक्तांगण सुरू झालं. तिथं झाडलोट, स्वयंपाकाची मदत अशी कामं रुग्ण वाटून घेतात. अनेक समुपदेशक स्वतः कधीकाळी तिथंच रुग्ण म्हणून दाखल झालेले. आणि बायकोसाठी वेगळा गट आहे, 'सहचरी' नावाचा. हा शेवटचा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो. आधार देणाऱ्यालाही आधार लागतो, हे आपण विसरतो. दहा वर्षं खोटं ऐकून, दागिने गहाण टाकून, शेजाऱ्यांच्या नजरा झेलून थकलेली बाई नवरा घरी आला म्हणून दुसऱ्या दिवसापासून हसतमुखानं आधारस्तंभ कशी होईल?

दारूच्या गुत्त्याचा क्लब

घरच्यांनी करायचं काय, यावर १९७३ सालचा एक छोटासा अभ्यास आहे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये हंट आणि ॲझ्रिन या दोघांनी दारूच्या जुन्या रुग्णांसाठी चार गोष्टी केल्या. नोकरी शोधायला मदत, घरात नवरा-बायकोचं बोलणं सुरू करून देणं, घरी रेडिओ-टेलिफोन-वर्तमानपत्र असं काही येईल हे बघणं, आणि संध्याकाळची सोय. ही शेवटची सोय भन्नाट आहे. त्यांनी एक जुना दारूचा गुत्ता घेतला आणि तिथं क्लब सुरू केला. गाणी, पत्ते, नाच, सिनेमा, खाणं, सगळं. फक्त दारू नाही आणि पिऊन आलेल्याला प्रवेश नाही. पुढच्या सहा महिन्यांत या गटानं १४ टक्के दिवस पिण्यात घालवले, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटानं ७९ टक्के. दोन्ही गट मिळून माणसं अवघी सोळा, त्यामुळे आकड्यांना फार चिकटू नका. पण याच कल्पनेवर पुढे मोठे अभ्यास झाले आणि ती टिकली.

तिचाच एक फाटा घरच्यांसाठी आहे, 'क्राफ्ट' नावाचा. ज्यांच्या घरातला माणूस उपचारांना तयारच नाही, त्यांनी हे नीट वाचावं. यात घरच्यांना शिकवतात की शुद्धीवर असेल तेव्हा त्याच्याबरोबर जेवा, बोला, फिरायला जा. नशेत असेल तेव्हा भांडू नका, फक्त बाजूला व्हा. आणि नशेचे परिणाम त्याच्या वतीनं निस्तरू नका. साहेबांना 'त्याला ताप आहे' असा फोन करणं बंद. १९९९ सालच्या एका अभ्यासात १३० कुटुंबीय होते. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांनी आपल्या माणसाला उपचारांपर्यंत आणलं. सगळे नातेवाईक एकत्र बसवून अचानक त्याला घेरायचं, ही पद्धत वापरणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांनाच ते जमलं. त्या घेरावाला तर बरेच जण आयत्या वेळी तयारच झाले नाहीत. मला ते स्वाभाविक वाटतं.

सोबत जिथं जीव घेते

आतापर्यंत मी सोबतीचं गुणगान केलं. पण नशेला लावणारी सोबतच असते, हेही तितकंच खरं. पहिली सिगरेट, पहिला दम कुणी अनोळखी माणूस देत नाही, मित्र देतो. आणि व्यसन सोडवायच्या नावाखाली समाज जे करतो तेही नेहमी चांगलं नसतं. साखळीनं बांधणं, मारहाण, कोंडून ठेवणं हे देशात अनेक ठिकाणी केंद्रांच्या नावाखाली चालत आलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला स्पष्ट बंदी आहे. असं काही दिसलं तर तिथून आपला माणूस बाहेर काढा.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते आणि ती जास्त जीवघेणी आहे. हेरॉइन, ब्राउन शुगर अशा अफूच्या कुळातल्या नशेवर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं दिली जातात. आपल्याकडे सरकारी केंद्रांतही ती मिळतात. त्यांनी टर्की लागत नाही, तलफ शांत राहते आणि माणूस कामाला जाऊ शकतो. बऱ्याच मदतगटांत आणि घरांतही ऐकू येतं, 'गोळी म्हणजे दुसरी नशाच, तीही सोड, मगच तू खरा मोकळा.' हे बोलणारे वाईट नसतात. पण २०१७ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा मेथाडोन चालू असताना दर हजारी वर्षाला सुमारे ११ मृत्यू दिसले, आणि ते थांबवल्यानंतर ३६. ब्युप्रेनॉर्फिनचे आकडे ४ आणि ९ च्या आसपास. सगळ्यात धोक्याचे असतात औषध बंद केल्यानंतरचे पहिले काही आठवडे. कारण शरीराची सवय मोडलेली असते, आणि एखाद्या वाईट संध्याकाळी त्यानं पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून कोरडा होऊन आलेल्या माणसालाही हाच धोका असतो. म्हणून गोळी बंद करायची की नाही हे त्यानं आणि डॉक्टरांनी ठरवावं. गटानं नाही, सासऱ्यांनी नाही. असंच दारूचंही. रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्या घरी एका दिवसात बंद करायला लावू नका, झटके येऊन जीव जाऊ शकतो.

बाईची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगायला हवं. केली यांनीच पुढे तपासलं तेव्हा दिसलं की एएचा फायदा पुरुष आणि स्त्रिया दोघांना होतो, पण वाटा वेगळ्या. पुरुषांमध्ये मुख्य काम होतं ते पिणारे मित्र सुटण्यातून आणि चारचौघांत नाही म्हणता येण्यातून. स्त्रियांमध्ये ते जास्त होतं उदास, एकटं, चिडलेलं वाटत असताना न पिता राहता येण्याच्या विश्वासातून. संध्याकाळचा चौक हा बहुतेकदा पुरुषाचा प्रश्न. बाईची नशा दुपारच्या रिकाम्या घरात, बंद दाराआड असू शकते, आणि तिथं हाक मारायला कट्टा नसतो. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला तो याच गरजेतून. असे विभाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

आणि मुळात उपचारच किती जणांपर्यंत पोचतात? दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० जणांपैकी एकाला, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळालेला असतो. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ लवकर तयार होणार नाहीत. म्हणून गोव्यातला एक प्रयोग मला आशेचा वाटतो. तिथं 'संगत' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, वैद्यकीय पदवी नसलेल्या, गावातल्याच लोकांना थोडं प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. प्रमाणाबाहेर पिणारे पावणेचारशेच्या आसपास पुरुष, त्यांच्याशी फार तर चार भेटी, दवाखान्यात किंवा घरी. तीन महिन्यांनी पाहिलं तर धोक्याच्या पातळीखाली आलेले समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, न मिळालेल्यांत २६. गावातल्या माणसानं चार वेळा येऊन बसण्यानं एवढं होतं. हे पिऊन नुकसान करून घेणारे होते, पूर्ण आहारी गेलेले नव्हते, हा फरक लक्षात घ्या.

तर तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चपला घालणारा. तो केंद्रात असतानाच, म्हणजे घरी यायच्या आधी, दोन गोष्टी ठरवता येतात. एक, पहिले निदान तीन महिने संध्याकाळी सहा ते नऊ तो कुठं असेल आणि कुणाबरोबर. यात नावं लिहायची, 'मित्र' असं मोघम नको. दोन, स्लिप झाली, म्हणजे एखाद्या दिवशी घेतलीच, तर पहिला फोन कुणाला. तो नंबर बायकोचा नसला तर बरं, तिच्याशी बोलताना लाज आड येते. आधी सुटलेल्या एखाद्या रुग्णमित्राचा असावा. आणि तुम्ही अजून केंद्रच शोधत असाल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो. तिथं किंवा कुठल्याही केंद्राला फोन कराल तेव्हा जागा आहे का आणि फी किती, हे विचाराच. पण त्याबरोबर हेही विचारा, की बाहेर पडल्यावर आमच्या भागात दर आठवड्याला बैठक कुठं भरते आणि तिथं नेणारं कुणी मिळेल का.